आयनॅचरलिस्ट ॲप: माळाची आणि ओढ्याची तब्येत पाहायला कितपत कामाचं?

एखाद्या जागेची तब्येत झाडांवरून आणि किड्यांवरून ठरवायची तर दोन गोष्टी लागतात. तिथे काय काय आहे त्याची नावं, आणि कोण किती आहे त्याचा हिशेब. आयनॅचरलिस्ट पहिलं काम चांगलं करतं. दुसरं काम त्याच्याकडून होत नाही, तरी बरेचजण त्यातल्याच आकड्यांवर दुसरंही उरकून टाकतात. या परीक्षणाचा सगळा भर त्या फरकावर आहे. फुलपाखरांचे सुंदर फोटो साठवायला ॲप कसं आहे, हा इथला विषय नाही.

ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून ते सुरू झालं, २०२३ पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. फोटो टाकायचा, ठिकाण आणि तारीख फोनच भरतो, ॲप नावं सुचवतं आणि मग जगभरची जाणकार मंडळी ती नावं तपासतात. दोघांनी एकच जात सांगितली आणि एकूण मतांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त मतं जुळली, की नोंदीला 'रिसर्च ग्रेड' हा शिक्का मिळतो. शिक्क्याचं नाव भारदस्त आहे, पण त्यातून कळतं ते एवढंच: नावावर एकमत झालं. ते नाव बरोबरच असेल असं नाही, आणि त्या जागेबद्दल तर त्यातून काहीच कळत नाही.

आधी नावांबद्दल. सूचना देणारं यंत्र फोटोंवर शिकलेलं आहे. एखाद्या जातीचे साधारण शंभर फोटो जमल्याशिवाय ती त्याच्या शिकवणीत येत नाही. त्यामुळे मोठी फुलपाखरं, प्रौढ चतुर, फुलावर आलेली झाडं, रानमोडी, घाणेरी, गाजर गवत यांची नावं पटकन आणि बहुतेकदा बरोबर येतात. गवतं, सड्यावरचे (कातळपठारावरचे) गेंद, ओढ्यातली निम्फ (चतुरासारख्या किड्यांची पाण्यातली पिल्लं) आणि अळ्या यांच्यात यंत्र चाचपडतं. गेंदांच्या बऱ्याच जाती बियांचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत, तरी फोटोवरून जातीपर्यंत नेलेले आणि शिक्का मिळालेले गेंद ॲपवर सापडतात. हिशेबात घेताना ते सरळ प्रजातीच्या (जीनसच्या), म्हणजे एरिओकॉलॉनच्या पातळीवर आणून ठेवा. आणि यंत्राने दिलेल्या यादीत 'आसपास दिसलेलं' अशी खूण नसलेलं नाव वर आलं तर ते घेऊ नका. सह्याद्रीतल्या एखाद्या प्रदेशनिष्ठ जातीला परदेशातल्या तिच्यासारख्या दिसणाऱ्या जातीचं नाव चिकटतं ते इथेच.

गवताची नोंद एका फोटोत कधीच होत नाही. लांबून काढलेला हिरव्या झुबक्याचा फोटो वर्षानुवर्षं 'गवत' म्हणूनच पडून राहतो. चार फोटो एकाच नोंदीत घाला. पहिला अख्ख्या ठोंबाचा, शेजारी पट्टी ठेवून. दुसरा बुंध्याचा, माती थोडी बाजूला सारून. जुन्या खुंटांचा दाट गड्डा दिसला तर गवत बहुवार्षिक, दोन बोटांनी मुळासकट सहज उपटलं जाणारं बहुधा वर्षायू. तिसरा फोटो पातं खोडाला जिथे बिलगतं त्या सांध्याचा. पातं हलकेच मागे ओढलं की तिथे पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर दिसते. चौथा कणसाचा, तळहातावर ठेवून, कुसळं वेगळी दिसतील असा. वाऱ्यात हलणारं कणीस फोकसमध्ये घेण्याच्या नादात दहा मिनिटं जातात, त्यापेक्षा एक काडी मोडून हातावर घ्यावी. लहान वस्तूवर फोकस धरत नसलेल्या फोनला पंधरा-वीस सेंटिमीटर लांब धरून झूम करा, अगदी जवळ नेऊ नका. ॲप फोटो २०४८ पिक्सेलपर्यंत बारीक करून ठेवतं, म्हणून कणीस चौकटभर असलंच पाहिजे. मूळ फोटो स्वतःकडे जपा.

बुंध्याच्या फोटोवर एवढा जोर कशासाठी? माळाची तब्येत सगळ्यात आधी तिथे कळते. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये देशातल्या गवताळ प्रदेशांची जी विभागणी मांडली, तिच्यात दख्खनचे माळ 'सेहिमा-डायकँथियम' प्रकारात येतात. चराई हलकी असेल तर सेहिमा (ठिकाणानुसार शेडा किंवा पवना) आणि मारवेल (डायकँथियम) अशी गुरांना आवडणारी बहुवार्षिक गवतं टिकतात. चराई वाढली की ती आधी संपतात आणि कुसळी वाढते, कारण तिची कुसळं आल्यावर गुरं तिला तोंड लावत नाहीत. त्याहून जास्त रेटलं, माती उघडी पडली, की ॲरिस्टिडासारखी खरड गवतं आणि वर्षायू तणं उरतात. म्हणजे नुसती 'कुसळी आहे' ही नोंद फारसं बोलत नाही. कुसळी चौरस मीटरमध्ये किती भागावर आहे आणि तिच्याशेजारी सेहिमाचे ठोंब उरलेत का, हे कळलं तर माळ कोणत्या पायरीवर आहे ते सांगता येतं.

ॲप उणं पडतं ते इथे. नोंद म्हणजे 'एक जीव, एक जागा, एक वेळ'. किती भाग व्यापला, किती वेळ शोधलं, काय शोधूनही सापडलं नाही, यातल्या कशालाच मूळ नोंदीत रकाना नाही. सेहिमा नसणं ही माळावरची सगळ्यात महत्त्वाची माहिती असू शकते, पण नसलेल्या गवताचा फोटो कसा काढणार? शिवाय माणूस देखण्याकडे वळतो. एका सड्यावरून सीतेची आसवे आणि तेरड्याच्या चाळीस नोंदी येतात, आणि पायाखाली सगळीकडे असलेल्या गवताची एक. या संख्या भागिले एकूण संख्या करून 'तेरड्याचं प्रमाण' काढलेले तक्ते अहवालांत दिसतात. तो तक्ता लोकांनी कॅमेरा कुठे वळवला एवढंच सांगतो.

ऋतूचाही घोळ आहे. सिटी नेचर चॅलेंज हा ॲपवरचा मोठा वार्षिक उपक्रम एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला असतो. युरोप-अमेरिकेत तेव्हा वसंत असतो, आपल्या माळावर वाळलेल्या काड्या. त्या चार दिवसांत शहराभोवती नोंदींचा डोंगर उभा राहतो आणि त्यात लावलेली झाडं, पक्षी आणि दिव्यावर आलेले पतंग भरपूर असतात. महिन्यांची तुलना करणाऱ्याने हे दिवस बाजूला काढावेत. गवतासाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर, कापणीच्या आधी. सड्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबर.

उपाय अवघड नाही. मोजमाप वहीत किंवा कोबोटूलबॉक्ससारख्या, नेटवर्कशिवाय चालणाऱ्या फॉर्ममध्ये घ्या, आणि आयनॅचरलिस्टला फक्त नाव ठरवण्याचं आणि पुरावा सांभाळण्याचं काम द्या. १०० मीटरची दोरी टाका, दर १० मीटरवर १ मीटर बाय १ मीटरची चौकट ठेवा, अशा १० चौकटी. प्रत्येक चौकटीत प्रत्येक जातीला आच्छादनाची पायरी द्या: ५ टक्क्यांहून कमी म्हणजे १, ५ ते २५ म्हणजे २, ५० पर्यंत ३, ७५ पर्यंत ४, त्यावर ५. उघडी माती, दगड आणि शेण यांनाही स्वतंत्र ओळ. जात पहिल्यांदा दिसली की फोटो, आणि वहीत तिच्यापुढे 'ग-०७' असा तात्पुरता क्रमांक. तोच क्रमांक ॲपच्या टिपणाच्या जागी लिहायचा. पुढे जाणकारांनी नाव दिलं की वहीतला 'ग-०७' सगळीकडे एकदम बदलता येतो. आधीच्या यादीतलं जे गवत चौकटीत नाही त्याच्यापुढे शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकाम्या रकान्याचा अर्थ 'नव्हतं' की 'पाहिलं नाही', हे महिन्याभराने कोणालाही सांगता येत नाही.

ॲपमध्ये जास्तीचे रकाने जोडायची सोय आहे, संकेतस्थळावरून. पण हे रकाने कोणीही तयार करू शकतं, त्यामुळे 'संख्या' या एकाच अर्थाचे वेगवेगळ्या स्पेलिंगचे ढीगभर रकाने आहेत. गट करून काम करत असाल तर पहिल्याच दिवशी कोणता रकाना वापरायचा ते ठरवा, नाहीतर अर्धा विदा (डेटा) एका स्तंभात आणि अर्धा दुसऱ्यात जातो.

माळावरचं एक उदाहरण झाडं आणि किडे एकत्र का पाहायचे ते दाखवतं. गाजर गवताच्या बंदोबस्तासाठी मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा हा भुंगा १९८४ पासून देशात सोडला गेला. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या पानांची चाळण करतात. ऑगस्टमध्ये चौकट टाकली तर गाजर गवताचं आच्छादन कमी भरतं, आणि 'तण हटलं' असा निष्कर्ष निघतो. चौकटीत भुंगे किती आणि पानं किती खाल्लेली, हे लिहिलं असेल तर ती चूक टळते. ॲपवर भुंगा एक नोंद आणि झाड दुसरी नोंद होते. दोन्ही एकाच चौकटीतल्या आहेत हे फक्त तुमच्या क्रमांकावरून कळतं.

झाडांवरून जमीन ओळखण्याची वाट युरोपात फार पुढे गेली आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइन्झ एलेनबर्ग यांनी १९७४ मध्ये मध्य युरोपातल्या वनस्पतींना प्रकाश, ओलावा, नत्र, मातीचा सामू वगैरेंसाठी अंक दिले, आणि तिथे चौकटीतल्या झाडांच्या अंकांची सरासरी काढून जमिनीचा अंदाज बांधतात. ते अंक तिथल्या झाडांचे, तिथल्या हवेतले. आपल्याकडची जात त्याच प्रजातीची आहे म्हणून तिला तो अंक चिकटवणं चूक आहे. एकाच प्रजातीत दलदलीतली आणि कातळावरची अशा दोन्ही जाती असतात.

आता ओढा. गंमत अशी की इथे ॲप माळापेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण ओढ्याची तब्येत ठरवायला जातीपर्यंत जावं लागत नाही, कुळ (फॅमिली) पुरतं. ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या बीएमडब्ल्यूपी (बायॉलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी) पद्धतीत प्रत्येक कुळाला १ ते १० गुण आहेत. प्रदूषण न सोसणाऱ्यांना जास्त. (पुढची मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस ही लहानपणी पाण्यात वाढणाऱ्या किड्यांची नावं.) हेप्टाजेनिडी, लेप्टोफ्लेबिडी या मेफ्लाय आणि पर्लिडी ही स्टोनफ्लाय यांना १०, गोम्फिडी चतुरांना ८, हायड्रोसायकिडी कॅडिसला ५, बीटिडी मेफ्लायला ४, कायरोनोमिडीच्या (डासासारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या) अळ्यांना २, गांडूळवर्गी कृमींना १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैविक निकषांची पद्धतही कुळांच्या अशाच गुणांवर उभी आहे. तिच्यात विविधतेचा अंक जोडतात आणि पाण्याला 'अ' ते 'इ' असे वर्ग देतात.

समजा गावाच्या वर हेप्टाजेनिडी, लेप्टोफ्लेबिडी, पर्लिडी, गोम्फिडी, हायड्रोसायकिडी, एल्मिडी भुंगे (५), बीटिडी आणि कायरोनोमिडी मिळाले. बेरीज ५४, कुळं ८, सरासरी ६.७५. गावाच्या खाली हायड्रोसायकिडी, बीटिडी, फायसिडी गोगलगायी (३), कायरोनोमिडी आणि कृमी. बेरीज १५, कुळं ५, सरासरी ३. दोन ठिकाणी जाळं सारखाच वेळ मारलं नसेल तर बेरजेवर जाऊ नका, सरासरी पाहा. जास्त वेळ शोधलं की कुळं वाढतात आणि बेरीज फुगते, सरासरी मात्र त्यामानाने कमी हलते.

नमुना घेताना खळाळात जाळं प्रवाहाच्या खालच्या बाजूला टेकवायचं, वरच्या बाजूचे दगड पायाने ढवळायचे, एकूण ३ मिनिटं, खळाळ आणि डोह दोन्ही मिळून. मोठे दगड हाताने उचलून जाळ्याच्या तोंडाशी चोळायचे, कारण हेप्टाजेनिडी दगडाला चपट्या चिकटून बसतात आणि नुसत्या ढवळण्याने सुटत नाहीत. पूर ओसरल्यावर लगेच नमुना घेऊ नका. पाण्याने तळ धुऊन नेलेला असतो आणि स्वच्छ ओढाही नापास होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

फोटो पांढऱ्या ट्रेमध्ये, सेंटिमीटरभर पाण्यात, फ्लॅश बंद करून. छोट्या पारदर्शक डबीत एक-एक जीव घेऊन डबीखाली आलेखाचा कागद ठेवला की माप आपोआप येतं. वरून एक, खालून एक. स्टोनफ्लायला दोन शेपट्या आणि पर्लिडीत पायांच्या काखेत कल्ल्यांचे झुपके. मेफ्लायला बहुधा तीन शेपट्या आणि कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना. काखेतले झुपके वरून दिसत नाहीत, म्हणून खालचा फोटो. शेपट्या मोडक्या असतात, त्यांच्या संख्येवर एकट्यावर विसंबू नका. कायरोनोमिडीच्या लाल अळ्या रंगावरून लगेच ओळखू येतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या जगतात.

नोंदीचं कुळ ठरलं, की एक सापळा येतो. खाली 'ओळख आणखी सुधारता येईल का?' असा प्रश्न असतो. तिथे 'नाही, एवढीच पुरे' असं मत देण्याचा मोह होतो. कुळाच्या पातळीवर ते मत पडलं की नोंद रिसर्च ग्रेडला जात नाही, उलट 'कॅज्युअल' होऊन तपासनिसांच्या रांगेतूनच बाहेर पडते. तो प्रश्न तसाच सोडा. आणि विदा उतरवताना 'फक्त रिसर्च ग्रेड' ही चाळणी ओढ्याच्या कामात लावू नका. तुमचे सगळे हेप्टाजेनिडी त्या चाळणीतून गळून जातात आणि उरतात ते फोटोवरून जातीपर्यंत ओळखता येणारे प्रौढ चतुर.

प्रौढ चतुर पाण्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. पँटाला फ्लॅव्हेसेन्स हा चतुर समुद्र ओलांडून स्थलांतर करतो. तो ओढ्यावर घिरट्या घालतोय म्हणजे ओढ्यात वाढला, असं नाही. हिशेबात निम्फ किंवा दगडावर चिकटलेली कात घ्या. त्यासाठी प्रत्येक नोंदीत जीवनावस्थेची खूण भरा. ती एका टिचकीचं काम आहे आणि ती नसेल तर नंतर हजार फोटो पुन्हा उघडावे लागतात. लिबेल्युलिडी कुळाबाबत आणखी सावध राहा. ब्रिटिश यादीत त्याला ८ गुण आहेत, आपल्याकडे त्यातल्या ऑर्थेट्रम सबायनासारख्या जाती घाण पाण्यातही सुखाने वाढतात.

ठिकाणाच्या नोंदीत तीन गोष्टी बिघडतात. पहिली, झाडीत फोनचा जीपीएस दहा-वीस मीटर हलतो. अचूकतेचा आकडा १० मीटरच्या खाली येईपर्यंत थांबा, तेवढा वेळ चौकटीतली माती पाहा. दुसरी, धोक्यातल्या जातींचं ठिकाण ॲप आपोआप धूसर करतं आणि खूण ०.२ अंश बाय ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही टाकतं. आपल्या अक्षांशावर तो चौकोन साधारण २२ बाय २१ किलोमीटरचा होतो. कासच्या सड्यावरचं फूल कण्हेरच्या जलाशयात उगवलेलं दिसतं ते त्यामुळे. कंद आणि ऑर्किड उपटून नेणारे पाहता ही सोय हवीच, पण इतरांचा विदा वापरताना धूसर नोंदी वगळा. स्वतःच्या नोंदींचे खरे अक्षांश-रेखांश उतरवलेल्या फाइलमध्ये वेगळ्या स्तंभात मिळतात, आणि गटातल्या सभासदांनी परवानगी दिली तर प्रकल्प चालवणाऱ्यालाही दिसतात.

तिसरी सगळ्यात जास्त नडते, आणि ती ॲपची चूक नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ठिकाण आणि वेळ पुसली जाते. गटातल्या एकाने सगळ्यांचे फोटो मागवून घरी बसून चढवले की ठिकाण हाताने घालावं लागतं आणि तारीख आठवेल ती पडते. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा प्रत्येकाने आपले आपण चढवा. रेंज नसेल तरी ॲप नोंद साठवून ठेवतं.

लावलेल्या झाडांवर 'लावलेलं' अशी खूण करायला लोक विसरतात. वनीकरणातला गिरिपुष्प रानातला म्हणून गणला गेला तर टेकडीची यादी फसवी होते. पण त्याच गिरिपुष्पाच्या बियांतून आपसूक उगवलेलं रोप मात्र रानटीच धरायचं.

परवान्याकडेही लक्ष द्या. नोंदींना मूळचा परवाना 'अव्यावसायिक वापरासाठी' असा असतो. पैसे घेऊन पर्यावरण अहवाल लिहिणाऱ्यांना इतरांचे फोटो बिनदिक्कत उचलता येत नाहीत. फुलपाखरांपुरतं काम असेल तर बटरफ्लाइज ऑफ इंडिया हे संकेतस्थळ नावांच्या बाबतीत जास्त काटेकोर आहे. झाडांसाठी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल धुंडाळावं. पण प्रत्यक्ष जागेवर उभं राहून एका हाताने नोंद करण्यात आयनॅचरलिस्टइतकं सुटसुटीत दुसरं काही नाही.

शेवटी उतरवण्याबद्दल. संकेतस्थळावरून एका वेळी दोन लाखांपर्यंत नोंदी सीएसव्हीमध्ये (तक्त्याच्या साध्या फाइलमध्ये) मिळतात. शास्त्रीय नाव, कुळ, तारीख, अचूकता, धूसर आहे की नाही, आणि नोंदीचा क्रमांक एवढे स्तंभ नक्की घ्या. फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख घाला. नोंदींची ओळख नंतरही बदलत राहते, आणि ऑक्टोबरात ॲरिस्टिडा असलेलं गवत फेब्रुवारीत दुसरंच काही झालेलं असू शकतं.